पगाराची तारीख आणि रात्रीची झोप

पित्त, डोकेदुखी, छातीत धडधड, भूक मरणे, अंगात त्राण नसणे अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येणाऱ्या मंडळींत कामगार आणि छोटे नोकरदार यांचा भरणा मोठा असतो. रक्त-लघवी तपासावी, हृदयाचा आलेख काढावा, तर पुष्कळदा सगळे ठीक निघते. मग, "डॉक्टर, निदान एक सलाईन तरी लावा, ताकद येईल," असा आग्रह होतो. अशा वेळी मी दोन प्रश्न हमखास विचारतो. झोप कशी आहे? आणि पगार कधी होतो?

दुसरा प्रश्न ऐकून रुग्ण जरा चमकतो. पगाराचा आणि पित्ताचा काय संबंध, असे त्याच्या चेहऱ्यावर दिसते. पण हळूहळू बोलणे सुरू होते. विनाअनुदानित शाळेतले गुरुजी सांगतात की कायम होण्याची वाट पाहता पाहता वय निघून चालले. औद्योगिक वसाहतीतला तरुण सांगतो की ठेकेदार दर काही महिन्यांनी नावावर काट मारून पुन्हा नवे नाव लावतो. पतसंस्थेचा वसुली कारकून सांगतो की वसुली झाली नाही तर आपल्याच पगारातून कापून घेतात. या लोकांचे काम कष्टाचे आहे हे खरेच. पण कष्टाने दमलेल्या माणसाला झोप चांगली लागते. झोप उडते ती उद्याचा भरवसा नसल्याने. आणि हा भरवसा असावा की नसावा, हे बऱ्याच अंशी कायदा आणि सरकारी धोरण ठरवत असते. म्हणून आज आरोग्याच्या या सदरात थोडे कायद्याचे बोलू.

शरीर कसे बोलते

धोका दिसला की आपल्या शरीरात अ‍ॅड्रिनॅलीन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये वाढतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठ होतात, पचन मंदावते. समोर साप आला तर ही व्यवस्था जीव वाचवते. साप निघून गेला की थोड्या वेळाने शरीर पूर्ववत होते. पण "पुढच्या महिन्यात कामावर ठेवतील की नाही?" हा साप निघून जातच नाही. तो रोज उशाशी असतो. शरीर महिनोन्‌महिने सज्ज राहते. परिणामी पहाटे तीन-चारला जाग येते, मान-पाठ आखडते, पित्त उसळते, चिडचिड वाढते, मुलांवर हात उगारला जातो. काहीजण संध्याकाळी 'थोडी' घेऊ लागतात आणि ती थोडी राहत नाही.

यातून पुढे दोन विकार संभवतात. एक चिंताविकार आणि दुसरा नैराश्य, म्हणजे डिप्रेशन. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, ही नैराश्याची लक्षणे होत. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, आजार आहे, आणि तो बरा होतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता. आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. शंभरातले दहा म्हणजे आपल्या प्रत्येक खात्यात, प्रत्येक पाळीत कोणी ना कोणी आहेच.

रविवारची सुट्टी हे औषधच

कामगाराच्या मनाचे आरोग्य कायद्याने सुधारते याचे सर्वांत जुने आणि सोपे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत पूर्वी आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. 'दीनबंधु'चे संपादक आणि सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून अनेक वर्षे अर्ज-विनंत्या आणि सभा केल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवार गृहीत धरतो. पण बाजारहाट, देवदर्शन, पाहुणारावळा आणि मुलांशी दोन शब्द बोलणे यासाठी मिळालेला तो दिवस किती लोकांना खचण्यापासून वाचवत असेल, याचा हिशेब कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणार नाही.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. कारखाना कायद्यात १९४६ साली दुरुस्ती होऊन आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. आठ तासांच्या पाळीचे वैद्यकीय महत्त्व आज आकड्यांनी सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानाने अर्धांगाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो.

ही गोष्ट आज पुन्हा सांगण्याचे कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तासांचे प्रमाण मोडायचे नाही, असे त्यामागचे म्हणणे आहे. उद्योग वाढावेत, रोजगार वाढावा हा हेतू कोणालाही अमान्य नाही. पण आठवड्याची बेरीज तीच राहिली तरी माणसाचे शरीर रोजच्या रोज झोप मागते. बारा तासांची पाळी, जाता-येता दोन तास, घरी पाणी भरणे, स्वयंपाक, मुले. यानंतर किती तास उरतात हे प्रत्येकाने बोटांवर मोजावे. स्त्रियांच्या बाबतीत तर ही मोजणी अधिकच कठीण होते.

गिरणी बंद पडते तेव्हा

काम जास्त असणे वाईट, तसे कामच नसणे त्याहून वाईट. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या छोट्या गावात १९२९-३० च्या सुमारास कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे जाऊन बारकाईने पाहणी केली. त्यांचे पुस्तक १९३३ साली निघाले. त्यांना आढळले की मोकळा वेळ भरपूर असूनही गावातल्या वाचनालयातून पुस्तके नेणे पूर्वीपेक्षा खूप कमी झाले, आणि रस्त्यावरून जाणारे पुरुष हळू चालू लागले. घाई कशाचीच नव्हती. वेळेवर भोंगा होणे, चार माणसांत मिसळणे, आपला कोणाला तरी उपयोग आहे असे वाटणे, हे सारे नोकरी पगाराबरोबर देत असते. नोकरी गेली की हे सारेच जाते.

हे वाचताना आपल्याकडच्या वाचकांना मुंबईची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हा संप औपचारिकपणे मागे घेतला गेलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत आणि कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूरकडची हजारो कुटुंबे गावी परतली. आमच्या पिढीने शाळेत असताना ही माणसे पाहिली. दिवसभर पारावर बसलेली, कमी बोलणारी, संध्याकाळी घरी जायला टाळाटाळ करणारी. गावाने त्यांना आळशी म्हटले, कुणी व्यसनी म्हटले. त्यांतल्या कित्येकांना नैराश्याचा आजार असणार, हे ओळखण्याची तेव्हा सोय नव्हती. योगायोग असा की भारत सरकारचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमही त्याच १९८२ सालचा; पण तो जिल्ह्याच्या पातळीवर उतरायला १९९६ साल उजाडावे लागले.

रोजचा भरवसा

कायदा भरवसा कसा निर्माण करतो, हे पाहायला लांब जायला नको. ज्या बाजार समितीत माथाडी मंडळ कार्यरत आहे तेथील हमाल आणि मंडळ नाही तेथील हमाल यांची तुलना करावी. पोते तेच, पाठ तीच. पण १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याने नोंदणी झालेल्या हमालाची मजुरी मंडळामार्फत मिळते, भविष्यनिर्वाह निधी जमा होतो, बोनस मिळतो, आजारपणात आधार असतो. बिननोंदणीचा हमाल मात्र उद्या गाडी येईल का, या विचाराने आज रात्री जागा असतो. या कायद्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांची चळवळ होती. पुण्यात हमाल पंचायत उभी करणारे डॉ. बाबा आढाव तर वैद्यकी करणारेच होते. पाठीच्या दुखण्याचे मूळ कोठे आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले.

याउलट, पगाराची तारीख पाळली गेली नाही तर काय होते, ते एसटी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. कोरोनाच्या काळात त्यांचे पगार रखडले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला त्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात चालक-वाहकांच्या आत्महत्यांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांतून वाचल्या. आत्महत्येला एकच एक कारण कधीच नसते, हे डॉक्टर म्हणून सांगितले पाहिजे. पण कर्जाचा हप्ता, मुलांची फी आणि न झालेला पगार यांचे ओझे आधीच खचलेल्या मनावर पडते, हेही तितकेच खरे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत एक चतुर्थांशाहून अधिक व्यक्ती रोजंदारीवर काम करणाऱ्या होत्या. राज्यांमध्ये सर्वाधिक, २२,७४६ आत्महत्या, महाराष्ट्रात झाल्या.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून जुने एकोणतीस कायदे त्यांत सामावले आहेत. मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने त्यांतल्या काही गोष्टी सर्वांनी जाणून घ्याव्यात. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले आहे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे. जादा कामाला दुप्पट दर आहे आणि जादा काम कामगाराच्या संमतीनेच घ्यायचे आहे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. चाळीस वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्यतपासणी व्हायची आहे. या तपासणीत रक्तदाब आणि साखरेबरोबर झोपेची आणि मनाची चौकशीही झाली, तर फार मोठे काम होईल.

दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी शंभर कामगारांपासून होते, ते आता तीनशे कामगारांपासून आहे. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक कारखाने या आकड्याच्या आतलेच. म्हणजे एका हाताने नेमणूकपत्राचा भरवसा मिळाला आणि दुसऱ्या हाताने नोकरी टिकण्याचा भरवसा सैल झाला. यातून उद्योगांचे काय होईल हे अर्थतज्ज्ञ सांगतील. मनावर काय परिणाम होईल, ते आमच्या दवाखान्यांतून दिसेल.

"दाखल्यावर ताप लिहा"

आता एका अशा गोष्टीकडे वळू, जिच्यामुळे हक्क असूनही तो हातचा जातो. नैराश्याने खचलेल्या माणसाला महिनाभर विश्रांती लागते. तो किंवा त्याची घरची मंडळी दाखला मागायला येतात आणि हळूच म्हणतात, "साहेब, मनाचं काही लिहू नका. ताप लिहा, नाहीतर कावीळ लिहा. कंपनीत कळलं तर वेडा म्हणतील." त्यांची भीती मला समजते. पण खोटा दाखला देणे गुन्हा आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात नुकसान रुग्णाचेच आहे. कायद्याने जे संरक्षण दिले आहे ते आजाराच्या नोंदीवर उभे असते. कागदावर कावीळ असेल, तर नैराश्याचे हक्क कोठून मिळणार?

राज्य कामगार विमा योजना, म्हणजे आपण जिला 'ईएसआय' म्हणतो, ती घ्या. विमा उतरवलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षय, कर्करोग यांसारख्या दीर्घ आजारांची वेगळी यादी आहे. त्या आजारांसाठी ८० टक्के दराने आणि दोन वर्षांपर्यंत मदत मिळू शकते. स्किझोफ्रेनिया आणि तीव्र स्वरूपाचे नैराश्य यांसारखे मनोविकार त्या यादीत आहेत, हे फार थोड्या कामगारांना ठाऊक असते. मात्र त्यासाठी किमान दोन वर्षांची सलग विमायोग्य नोकरी आणि पुरेशी वर्गणी भरलेली असावी लागते. शिवाय दाखला सहसा विमा दवाखान्याच्या डॉक्टरांचाच लागतो. म्हणून खासगीत सहा महिने काढून मग तिकडे जाण्यात अर्थ नाही. पहिल्या आठवड्यातच विमा दवाखान्यात नाव नोंदवावे. २०१७ साली या योजनेसाठी मासिक वेतनाची मर्यादा २१,००० रुपये ठरली. आपण तीत बसतो की नाही, याची चौकशी विमा कार्यालयात करावी.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. सरकारी आरोग्यसेवेतून मनोविकाराचा उपचार मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरवला. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. आरोग्यविमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मनोविकारांनाही संरक्षण दिले पाहिजे, असेही या कायद्यात आहे. कोणी विम्याचा दावा 'मनाचा आजार आहे' एवढ्याच कारणाने नाकारला, तर गप्प बसू नये.

सरकारी नोकरांसाठी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा महत्त्वाचा आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले, तर सरकारी आस्थापनेने त्या कर्मचाऱ्याला काढू नये किंवा त्याचा दर्जा कमी करू नये. झेपेल असे दुसरे काम त्याच वेतनावर द्यावे, असे तो कायदा म्हणतो. मनोविकारामुळे आलेले दिव्यांगत्वही त्यात धरले आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये असा निर्णय दिला, की मानसिक दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो.

उणीव मात्र एक मोठी आहे. कामामुळे होणारे जे आजार नुकसानभरपाईसाठी कायद्याच्या यादीत आहेत, त्यांत शिशाची विषबाधा आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे. पण कामाच्या ताणाने झालेला मनोविकार नाही. जपानमध्ये अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला 'कारोशी' असा शब्दच आहे. तो टाळण्यासाठी तेथे २०१४ साली स्वतंत्र कायदा झाला आणि कामामुळे जडलेल्या मनोविकाराला भरपाईही मिळू शकते. आपल्याकडे मनाचे दुखणे पैशांत मोजणारे उदाहरण सापडते ते कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात. भरपाई ठरवताना स्त्रीला झालेला मानसिक आघात आणि यातना विचारात घ्याव्यात, असे तो स्पष्ट सांगतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे तक्रार समिती असायलाच हवी. त्याहून लहान जागी काम करणाऱ्या भगिनींसाठी, घरकाम करणाऱ्या बायांसाठीसुद्धा, जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

पोलिसांच्या भीतीने लपवू नका

अजूनही काही घरांत, कोणी जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला तर "चुकून झाले" असे सांगून प्रकरण झाकले जाते, कारण पोलीस केसची भीती. त्यामुळे पोटातले विष उतरते, पण मनातला आजार तसाच राहतो. असा प्रयत्न एकदा केलेल्या व्यक्तीला पुन्हा धोका असतो, हे ध्यानात ठेवावे. कायदा आता बदलला आहे. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरावे आणि तिला उपचार द्यावेत, असे २०१७ चा कायदा सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम नाही. सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी असा प्रयत्न करणे एवढ्यापुरताच गुन्हा उरला आहे. रुग्णालयातून पोलिसांना कळवले जाते खरे, पण कळवणे म्हणजे शिक्षा नव्हे. तेव्हा डॉक्टरांना खरे सांगावे आणि बरे वाटल्यावर मनोविकारतज्ज्ञांकडे जरूर न्यावे.

काय करावे

१) नेमणूकपत्र, पगारपत्रक, हजेरी कार्ड, विमा कार्ड यांच्या प्रती घरी एका पिशवीत ठेवाव्यात. अडचणीच्या वेळी हाताशी कागद असला, की निम्मी धास्ती कमी होते.

२) झोप दोन आठवडे बिघडली तर डॉक्टरांना भेटावे. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांची सवय लागते. नैराश्यावरची औषधे वेगळी असतात. त्यांचे व्यसन लागत नाही, पण गुण यायला दोन ते चार आठवडे जातात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून एकदम बंदही करू नयेत.

३) रात्रपाळी असल्यास घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीत सलग झोपावे. पाळीच्या उत्तरार्धात चहा टाळावा. घरच्यांनी त्या वेळी टीव्ही आणि पाहुणे आवरावेत.

४) 'टेलिमानस' ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मनोविकार विभागाची चौकशी करावी. विमा नसलेल्या शेतमजूर, बांधकाम मजूर आणि घरकामगारांनी हा मार्ग अवश्य धरावा.

५) पगार थकला, नेमणूकपत्र नाकारले, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो. एकट्याला धीर होत नसेल तर चौघांनी मिळून जावे. एकत्र येण्यानेही मनाला उभारी येते.

६) मालक आणि व्यवस्थापक बंधूंना विनंती: पाळीचा तक्ता आठवडाभर आधी लावावा, पगाराची तारीख पाळावी, आणि कपात करायचीच असेल तर ती अफवेतून न कळता तुमच्या तोंडून कळू द्यावी. यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

७) घरच्यांनी "मन घट्ट कर" असा उपदेश करण्याऐवजी शेजारी बसून ऐकावे. "जगून काय करायचं" असे शब्द निघाले तर ते थट्टेवारी नेऊ नयेत. माणसाला एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

औषध मी लिहून देऊ शकतो, आणि जेथे आजार आहे तेथे ते घेतलेच पाहिजे. परंतु सात तारखेचा पगार, आठवड्याची सुट्टी आणि हातातले नेमणूकपत्र यांची चिठ्ठी डॉक्टरला लिहिता येत नाही. ती समाजाने आणि सरकारने लिहायची असते, आणि तिची अंमलबजावणी होते की नाही यावर लक्ष ठेवणे हे आपल्या सर्वांचे काम आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा पित्ताबरोबर कामाचेही सांगा. डॉक्टरने विचारले नाही तरी सांगा.